मागची जागा

ता. ६ एप्रिल

चि. सौ. चिमणीस,
आशीर्वाद नेहमीचेच, पण आज जरा हात आखडता घेऊन.

तुझं पत्र मिळालं. एकदा वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, पण मजकूर काही बदलला नाही. हिवाळ्यात अर्धांगाच्या झटक्यातून कसाबसा उठलेल्या माझ्या भावाला तू प्लॅस्टिकच्या होडीत घालणार आणि नदीवर नेणार. कशाला, तर काठाकाठाचे झरे बघायला! झरेच बघायचे असतील तर माझ्याकडे या. स्वयंपाकघराच्या छताला दोन आहेत, शिवाय न्हाणीघरात एक नवा फुटतो आहे.

तू शाळेची बस चालवतेस म्हणून तुला वाटतं, जे जे पुढे सरकतं ते ते आपल्याला चालवता येतं. बाई गं, नदीला ब्रेक नसतो. आणि ही कल्पना तुझ्या लेकीची, हेही मी ओळखलं. पोहायला शिकवणाऱ्या माणसाला सगळं जग हौदासारखं दिसत असणार. तुमचे जावईबापू तर काय, ती म्हणेल तिकडे मान हलवणार.

मी इकडे मागची खोली तयार करून घेतली आहे. दवाखान्यात असतो तसा पाठ वर करता येणारा पलंग आणला, भिंतीला धरायला दांडी बसवली, उशाशी घंटा ठेवली. खिडकीतून आवाज येत नाही, ऊन येत नाही, कोणी येत नाही. त्याला महिनाअखेर इथे आणून सोड. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी ऑपरेटर मुलींच्या अख्ख्या तुकड्या वळणावर आणल्या आहेत, एका भावाची शुश्रूषा मला जड नाही.

आमच्या शाळेत सिस्टर नुसती भुवई उचलून वर्ग गप्प करायच्या. माझी भुवई तुला इथून दिसणार नाही म्हणून एवढं लांबण लावलं. ती उचललेली आहे असं समज.

लोभ आहेच. तो वाढवायचा की नाही, ते तुझ्या उत्तरावर.

तुझी,
ताई


ता. ११ एप्रिल

ती. ताईंना,
शि. सा. न. वि. वि. तुमचा राग सुखरूप पोचला. पाकीट अजून कोमट होतं.

ताई, तुम्ही शेवटच्या आलात तेव्हा हे अंथरुणात होते. आता उठून खुर्चीत बसतात. पण त्या खुर्चीतच बसतात. पाय जवळजवळ पहिल्यासारखे झाले, डावा हात मात्र खांद्यापासून लोंबतो, आणि शिंप्याला डावा हात नाही म्हणजे कापड धरायला कोणी नाही. दुकानाच्या किल्ल्या त्यांनी मदतनिसाकडे देऊन टाकल्या. शर्टाची बटणं मी लावते, ताटातलं मी बारीक करून देते, दाढी जावई करून जातो. ते कशालाच हरकत घेत नाहीत. प्रत्येक गोष्टीला बरं म्हणतात.

तुमचं खोलीबद्दलचं वाचून दाखवलं, तर म्हणाले, बरं. लेकीने नदीचं विचारलं, त्यालाही बरं. चहात साखर कमी पडली म्हणून ह्या माणसाने एकदा माझ्याशी आठवडाभर अबोला धरला होता. त्याला नदी आणि तुमची मागची खोली दोन्ही सारखीच बरी वाटते, याची मला भीती वाटते. झटक्याची वाटली नव्हती एवढी.

म्हणून तुमच्याशी करार करते. आम्ही जाऊन येऊ. परत आल्यावरही ह्यांचं ते बरं तसंच चालू राहिलं, तर मी स्वतः त्यांना तुमच्याकडे आणून सोडीन आणि एका शब्दाने वाद घालणार नाही.

डॉक्टरांनी परवानगी दिली आहे. नदी त्या भागात संथ आहे, बऱ्याच ठिकाणी छातीइतकीच खोल. लेक आणि जावई एका कयाकमध्ये, म्हणजे तुमच्या त्या प्लॅस्टिकच्या होडीत, आम्ही दोघं दुसऱ्या. सगळ्यांना लाइफ जॅकेट. मी हिवाळाभर दर रविवारी लेकीच्या हौदात वल्हवायला शिकले, हे तुम्हांला सांगितलं नव्हतं, कारण तुम्ही ताई आहात. आमच्या कयाकचं सुकाणू मागच्या माणसाच्या पायांशी असतं, दोन पट्ट्या दाबून वळवायचं. तेव्हा मागे मी, पुढे हे, हातात एक हलकं वल्हं. चालक मागे बसतो, एवढंच काय ते नवीन.

रागातही पत्र लिहिता, यातच तुमची माया दिसते. ती तशीच राहू द्या.

तुमची,
चिमणी


ता. १५ एप्रिल

चि. सौ. चिमणीस,
आशीर्वाद घाईघाईने.

हिवाळाभर! आणि मला पत्रांत हवापाणी कळवत होतीस.

करार मान्य. मी शब्द मोडत नाही, तूही मोडू नकोस. पलंगावर चादर घालून ठेवते आहे. फक्त एक कर, त्याला होडीच्या बैठकीला पट्ट्याने घट्ट बांध. तो हलला नाही म्हणजे पडणार नाही. आणि अंगात लोकरीचं काही घाल.

त्याचं ते बरं तू लिहिलंस, ते वाचून मलाही बरं वाटलं नाही. लहानपणी ह्याला एक मोजा चढवायचा तर घरातली तीन माणसं लागायची.

पोचल्यापोचल्या लिही. लोभाचं मग बघू.

ताई


ता. २८ एप्रिल

ती. ताईंना,
शि. सा. न. सगळे सुखरूप आहेत, हे आधी लिहिते. आता खुर्चीत नीट टेकून बसा, कारण आमची होडी उलटली.

पहिल्यापासून सांगते. पट्ट्याचं लेकीला विचारलं, तर तिने कपाळाला हात लावला. होडीत माणसाला कधीच बांधत नाहीत म्हणाली, आणि आत्याचा पट्टा आत्याकडेच राहू दे म्हणाली. पुढे जे झालं त्यावरून देवाची कृपाच म्हणायची.

सकाळी निघालो. नदीचं पाणी चहासारखं तपकिरी. पहिला झरा काठाखालीच होता, परातीएवढा. तळाची वाळू नुसती नाचत होती, भाताला आधण यावं तशी, आणि हात घातला तर गारेगार. दुसरा एका फाट्यात आत. तिथे तपकिरी पाणी आणि नितळ पाणी यांच्यामध्ये चक्क रेघ होती, शिवणीसारखी. रेघ ओलांडली आणि खालचा तळ असा दिसायला लागला की मी घाबरून होडीची कड धरली. वाटलं, आपण हवेतच आहोत. आपल्या होडीची सावली खाली वाळूवरून आपल्याबरोबर चालली आहे आणि तिच्यातून मासे आरपार जात आहेत. ताई, जन्मात इतकं सुंदर काही पाहिलं नाही.

पण पाहत कोण होतं? ह्यांच्या वल्ह्याचं डावीकडचं पातं पाण्याला टेकतच नव्हतं, त्यामुळे होडी सारखी डावीकडे. मी मागून पट्टी दाबून सरळ करायची, जोर लावायची, की माझं वल्हं ह्यांच्या वल्ह्यावर आपटायचं. पुढचा ज्या लयीत मारतो त्याच लयीत मागच्याने मारायचं असतं. मी मात्र त्यांची कसर भरून काढत बसले. शेवटी लेकीने पलीकडून गोड आवाजात सांगितलं की बाबा, तुम्ही हातांना विश्रांती द्या, मजा बघा. त्यांनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं आणि म्हणाले, बरं. मला मागून फक्त त्यांची मान दिसत होती. तुमची मागची खोली मला त्या मानेवर स्पष्ट दिसली.

तिसरा झरा सगळ्यात मोठा. त्याचं पाणी एका अरुंद घळीतून नदीत येतं, आणि वर जायचं तर त्या धारेच्या उलट. लेक आणि जावई गेले. मी एकटी वल्हवत निघाले. मध्यावर धारेने आमचं तोंड फिरवलं, मी घाईने पट्टी दाबली, ती उशिरा दाबली, होडी आडवी होऊन एका पडलेल्या झाडाला लागली आणि दोघंही पाण्यात.

मी वर आले. पाणी छातीपर्यंतच होतं, पायाची बोटंसुद्धा दिसत होती, पण हे दिसेनात. ताई, तेवढा वेळ मला तुम्ही आठवलात, दुसरं कोणी नाही. मग पाठीमागून आवाज आला. हे ताठ उभे होते. उजव्या हाताने होडी धरलेली, डाव्या हाताचं कोपर झाडाच्या फांदीत अडकवलेलं, केस कपाळावर चिकटलेले, आणि मला वाटेल ते बोलत होते! मला लायसन्स कोणत्या शहाण्याने दिलं, असं विचारलं. समोर बसएवढं झाड पडलेलं दिसलं नाही का, असं विचारलं. म्हणाले, सकाळपासून बघतो आहे, बसचा ब्रेक मारावा तशी दणक्यात पट्टी दाबतेस, आणि तीही वळण निघून गेल्यावर. शिवणयंत्राची पायपट्टी जन्मभर ह्या पायांनी चालवली, सुतभर टाका वाकडा जाऊ दिला नाही, आणि मला पुढे सामानासारखं ठेवलंस. मग म्हणाले, हो बाजूला. मागे मी बसणार.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी ड्रायव्हर, म्हणून न विचारता चालकाची जागा धरली. ह्यांचा हात अधू, म्हणून आम्ही शहाण्यांनी त्यांना नेमकं हातांचं काम दिलं. त्यांच्या पायांचा विचारच कोणी केला नाही.

लेक मदतीला मागे फिरली होती, तिला ह्यांनी हातानेच थांबवलं. त्यांना होडीत चढायला वेळ लागला, पण एकटे चढले. मी पुढे बसले. तुम्हांला माहीत आहे, दुसऱ्याच्या बसमध्ये बसले तरी माझा उजवा पाय खाली ब्रेक शोधत असतो. त्यात मागे वळून बघायचं नाही, असा हुकूम. मी समोर बघून ते सांगतील तेव्हा मारायचं आणि सांगतील तेव्हा थांबायचं. दुसरं काही नाही. आणि ताई, ती होडी त्या घळीतून अशी सरळ चढली की काय सांगू! कुठे हिसका नाही, कुठे धक्का नाही. वीस ठिकाणी खडक होते, एकाला खरचटली नाही.

वर निळा डोह आहे. तळाशी एक काळी कपार, आणि तिच्यातून अख्खी नदी बाहेर पडते आहे, आवाज न करता. वर पाण्याचा फुगा आल्यासारखा दिसतो, बस्स. आम्ही सगळे वाकून बघत राहिलो. हे पाणी नक्की कुठून येतं यावर ह्यांनी जावयाशी वाद घातला. दोघांनाही काही माहीत नव्हतं, त्यामुळे वाद छान रंगला. मग ओल्या कपड्यांनीच तासभर बसून राहिले. कपडे बदला म्हटलं तर नाही. काठावर चला म्हटलं तर नाही. पुन्हा एकदा खाली जाऊन वर येऊ म्हणाले, आणि आलो.

आता सर्दी झाली आहे. काल दुकानात गेले होते. मदतनिसाने कॉलर वाकडी लावली होती, त्यावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. ताटातलं स्वतः बारीक करून खातात, सांडतात, मी बघत नाही. तुमच्या खोलीचं पुन्हा विचारलं. नाही म्हणाले. ताईला कळव म्हणाले.

उलटलेली होडी तुमच्यापासून लपवता आली असती. पण ती वगळली तर मग सांगण्यासारखं काही उरत नाही. काय बोलायचं ते बोला, पण माया पातळ करू नका.

तुमची,
चिमणी


ता. ४ मे

चि. धाकट्यास,
आशीर्वाद खाली देईन, आधी दुसरं देते.

हे पत्र तुला आहे. हिवाळ्यापासून मी तुझ्याविषयी ढीगभर पत्रं लिहिली आणि सगळी तुझ्या बायकोला. जसं काही तू पार्सल होतास आणि आम्ही दोघी पत्ता ठरवत होतो. आता तुला नाही म्हणता येतं असं कळलं, तेव्हा थेट बोलते.

गाढवा, ओल्या कपड्यांत तासभर? अक्कल काय त्या झऱ्यात सोडून आलास? सर्दी छातीत उतरली म्हणजे? आणि भर पाण्यात, जावयादेखत, बायकोला असं बोलतात? तिची त्याच दिवशी क्षमा मागायला हवी होती. मागितली नसशील, मी ओळखते तुला. आज माग. मी इतकी वर्षं तिला चिमणी म्हणत आले, कारण बडबडते आणि टिकत नाही असं मला वाटायचं. ती बाई तुझ्यासाठी थंडीत गार हौदात वल्हवायला शिकली. होडी उलटली ते तिने मला, मला, स्वतःच्या हाताने कळवलं. आणि ज्या बाईने उभ्या जन्मात कोणाच्या हातात चाक दिलं नाही, ती तुझ्या एका शब्दावर पुढे जाऊन बसली आणि मागे वळून बघितलं नाही. माझ्याच्याने झालं नसतं. मी तर तुला पट्ट्याने बांधायला निघाले होते. तिच्याइतकी धीराची बाई आपल्या घराण्यात झाली नाही, आणि यात मी मलाही धरते. हे तिला वाचून दाखव. दुसऱ्यांदा लिहिणार नाही.

पलंग परत पाठवला. नेणाऱ्याने विचारलं, पेशंटचं काय झालं. मी म्हटलं, उद्धट झाला. तो बिचारा हळहळून गेला.

राहिलं तुझं ते नाही. खोली नको, ठीक आहे. तुला विचारल्याशिवाय तयार केली, तेव्हा नको म्हणायचा हक्क तुझा. पण ते बायकोकरवी कळवतोस? मी काय तुला खाणार होते? उजवा हात धडधाकट आहे ना तुझा? की तोही मदतनिसाच्या कानाखाली द्यायला राखून ठेवला आहेस? मला नाही म्हणायचं तर मला म्हण. कागदावर, तुझ्या अक्षरात, शाईने. मग मी त्यावर काय बोलायचं ते बोलेन, आणि पुष्कळ बोलेन.

झटका आल्यापासून मी तुझ्याशी फोनवर किती गोड बोलत होते, आठवतं? काळजी घे रे, जेवलास का रे. दर वेळी फोन ठेवला की मला रडू यायचं, कारण ते ऐकताना वाटायचं, आता हा जाणार. आजारी माणसावर रागावता येत नाही. हे एवढं पान मी एका बैठकीत रागावून लिहिलं आहे, मधे पाणीसुद्धा प्यायले नाही, आणि तब्येत कशी खणखणीत वाटते आहे.

आशीर्वाद. उत्तर उलट टपाली हवं. उद्धट असेल तर लोभ वाढेल.

तुझी,
अजून रागावलेली,
ताई