न बोलणाऱ्या मुलीच्या नावे तीन पुस्तके

प्रिय बाई,

आपल्याला पत्र लिहिण्याचा अधिकार मला उरला आहे, असे मी मानत नाही. तरीही लिहिते आहे, या धिटाईबद्दल आधीच क्षमा मागते. उत्तर येत असूनही हात वर न करणारी, पहिल्या बाकावरची मुलगी आपल्याला कदाचित आठवेल. शाळेत पहिली आले त्या दिवशी आपण माझ्या पाठीवरून हात फिरवलात, तेव्हाही मी स्वतःच्या चपलांकडे पाहत उभी होते.

सध्या मी एका विमा कचेरीत कागदपत्रे तपासते. उरलेल्या वेळात, ज्यात कोणीही लिहू शकतो आणि कोणीही खोडू शकतो अशा इंटरनेटवरच्या त्या ज्ञानकोशाचे काम करते. तिथे मी समन्वयक होते. दोघांचे एकमत होईना की वाद माझ्याकडे येई. सात दिवस चर्चा उघडी ठेवायची आणि मग नियमावर बोट ठेवून निर्णय लिहायचा. कोणासमोर उभे राहून बोलावे लागत नाही, म्हणून हे काम मला जमले. आई म्हणायची, "घरात तोंडातून शब्द फुटत नाही, आणि तिकडे न्यायाधीशीण!"

सप्टेंबरात आपल्या शाळेवरच्या लेखाचा वाद आला. वाचनालय संस्थेच्या अध्यक्षांनी स्थापन केले, असे लेखात होते आणि आधाराला त्यांचीच गौरवपुस्तिका. 'फळा-खडू' या नावाच्या सदस्याने ते वाक्य बदलले होते: वाचनालय शाळेच्या शिपायाने, प्रयोगशाळेमागच्या कोठीत, रद्दीतून वेचलेल्या पुस्तकांवर सुरू केले. 'पुराव्यानिशी' नावाच्या सदस्याने ते लगेच खोडले. वर लिहिले, "आठवण हा संदर्भ होत नाही. उद्या कोणी म्हणेल चांदोबा माझा सख्खा मामा. तीही नोंद घ्यायची का?" त्यावर 'फळा-खडू'चे उत्तर आले: "छापलेले तेवढेच खरे, तर तेहतीस वर्षे मी फळ्यावर लिहिले ते काय खोटे होते? नियम पुन्हा वाचा. घाई कुणाला आहे?"

ती शेवटची तीन शब्दांची ओळ मी लगेच ओळखली. माझ्या प्रत्येक निबंधाच्या समासात ती लाल शाईने असायची. म्हणजे दुसऱ्याच दिवसापासून मला ठाऊक होते, बाई, की मी कोणाचा न्याय करते आहे.

आणि किल्लीकाकांबद्दलही ठाऊक होते. कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून फिरणाऱ्या त्या शिपायाने कोठी उघडून मला आत बसवले होते. मधल्या सुट्टीत मैदानावर जाण्याची मला भीती वाटे. "इथं कुणी काही विचारत नाही. वाच हवं तेवढं," एवढेच ते म्हणाले. त्या कोठीतला फुटक्या फळीची मांडणी आणि ओल्या कागदाचा वास मला आजही सांगता येईल. मी साक्षीदार होते.

आमच्याकडे नियम आहे की, विषयाशी ज्याचा संबंध असेल त्याने निवाड्यातून बाजूला व्हावे आणि कारण जाहीर सांगावे. मला फक्त एक ओळ लिहायची होती. पण ती लिहिणे म्हणजे भर वर्गात हात वर करणे होते. मी तो केला नाही.

सहाव्या दिवशी आपण लिहिलेत, "ते अंथरुणाला खिळले आहेत. एकदा तरी ही ओळ त्यांना वाचून दाखवायची आहे. वेळ थोडा आहे." 'पुराव्यानिशी'ने ती ओळ पुन्हा खोडली, आपण पुन्हा घातलीत. दिवसभरात चौथ्यांदा. नियम तीनदाचा होता. मी आपल्यावर चोवीस तासांची बंदी घातली. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, चर्चेची मुदत संपली. कचेरीतल्या चहाच्या सुट्टीत, चार वाजून दहा मिनिटांनी, मी आपल्याविरुद्ध निर्णय लिहिला. आपली बंदी उठायला पन्नास मिनिटे उरली होती. थांबता आले असते. थांबले नाही.

पाच वाजता बंदी उठली आणि आपण एक छायाचित्र चढवलेत, सोबत एक शब्दही न लिहिता. काकांच्या देवघेवीच्या वहीचे पान होते ते. वेड्यावाकड्या अक्षरांत तिसरी नोंद अशी: 'न बोलणारी मुलगी, पहिला बाक. पुस्तके तीन.' मी त्यांना नावसुद्धा सांगितले नव्हते. पान पाहिले, संगणकावरची खिडकी मिटवली आणि उरलेली विमापत्रे तपासली. एकही चूक झाली नाही.

शुक्रवारी माजी विद्यार्थ्यांच्या गटावर काका गेल्याची बातमी आली. खाली हात जोडल्याची चित्रे होती. मीही एक टाकले. तेव्हापासून मी वेळेवर जेवते, वेळेवर झोपते. रडू आलेले नाही. येईल असे वाटत होते.

हे सांगून क्षमा मिळवावी, यासाठी हे पत्र नाही. समन्वयकपद मी सोडले आहे आणि का सोडले, ते चर्चापानावर खऱ्या नावाने लिहिले आहे. कोठीची सारी हकिगत एका मासिकाला पाठवली होती. संपादकांनी आणखी दोघा माजी विद्यार्थ्यांना विचारले, वहीचे पान ताडून पाहिले आणि या महिन्याच्या अंकात ती छापली. अंक सोबत पाठवते आहे, पृष्ठ एकेचाळीस. आता संदर्भ आहे. 'पुराव्यानिशी'नेही कळवले आहे, "छापील आधार असेल तर माझी हरकत नाही." मी संबंधित असल्यामुळे मला ती ओळ घालता येणार नाही, आणि येत असती तरी घातली नसती. ती आपली ओळ आहे, बाई. आपणच लिहा. सवडीने लिहा. घाई आता कुणालाच नाही.

आपलीच,
न बोलणारी मुलगी

रवाना: मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५, दुपारी चार वाजून दहा मिनिटे