साहेबांचा ससा

रविवार, २ ऑगस्ट १९७०. सकाळ.

आजचा दिवस माझ्या सर्व्हिसमधला फार महत्त्वाचा. खानविलकर साहेबांचा ड्रायव्हर खंडू टोपली घेऊन आला. टोपलीत जिवंत ससा. पांढराशुभ्र, लाल डोळे. सोबत एक नारळ आणि साहेबांच्या बाईंनी घरी केलेल्या मसाल्याची पुडी. साहेबांनी दिलंय, एवढंच म्हणाला. घाईत होता. अजून घरं करायची आहेत म्हणे. ड्रायव्हर लोकांचे काही ना काही खाजगी धंदे असतात. लक्ष ठेवलं पाहिजे.

अर्थ उघड आहे. आमच्या स्टोअर्समध्ये सीनियर स्टोअरकीपरची जागा रिकामी आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी नाव जाहीर होणार. जबाबदारी पेलणारा माणूस हवा, असं साहेब गेल्या आठवड्यात सर्वांसमोर म्हणाले आणि म्हणताना माझ्याकडे बघत होते. (डिपार्टमेंटमधल्या सहदेवचं म्हणणं, माझ्या मागच्या घड्याळाकडे.) मुलुंडला साहेबांच्या घरामागे सशांचे पिंजरे आहेत, मी स्वतः पाहिलेत. बाई एकेकाला नावाने हाक मारतात. असा घरचा जीव माणूस कुणाच्याही हातात देत नाही. नारळ शुभशकुनाचा. मसाला घरोब्याचा. ही परीक्षा आहे.

दुपार.

सुगंधाने लसूण सोलून ठेवला होता. मी टोपली खाटेखाली सरकवली आणि तिला नीट समजावलं. ती म्हणाली, आज गटारी, उद्या श्रावण लागतो, साहेबाने मसाल्यासकट पाठवलाय, आता आणखी काय आमंत्रण पाहिजे? बायकांना ऑफिसातलं राजकारण कळत नाही. भिकाजीकाका गिरणीतून रिटायर झाल्यापासून आमच्याकडेच असतात, त्यामुळे मत देतात. म्हणाले, "रामनाथा, तो ससो तुका खावक दिल्यानी, पोसूक नाय." वय झालं की माणसाची नजर ताटापलीकडे जात नाही.

जेवायला सुक्या बोंबलाची चटणी.

सशाचं नाव धवल ठेवलं. गरीब आहे बिचारा.

संध्याकाळ.

धवल चावला. उजवा अंगठा. नवीन जागा, साहजिक आहे.

दुसरी गोष्ट. शेजारच्या सहदेवकडून मटणाचा वास येतोय. सकाळी खंडू त्याच्याही दारात थांबला होता. पाणी प्यायला असणार. टोपली घेऊन पाणी प्यायला जातात काय, असं सुगंधाने विचारलं. सहदेव माझ्याच डिपार्टमेंटला, माझ्याच जागेवर डोळा ठेवून आहे. दिवेलागणीला तो पितळेचा डबा फडक्यात बांधून स्टेशनकडे निघाला. कुठे, म्हणून विचारलं तर हसला आणि मुलुंडला म्हणाला. गटारीच्या दिवशी मुलुंडला. काहीतरी शिजतंय.

बुधवार, ५ ऑगस्ट

धवलसाठी कंपनीतून रिकामं खोकं आणलं. त्याने आतून कुरतडून बाहेरचा रस्ता केला. हुशार आहे. साहेबांच्या घरचं वळण. आज डावा अंगठा आणि पोटरी. पोटरीला तो धावत येऊन चावला. ससे पळतात अशी माझी समजूत होती. पळतात खरं, पण दिशा त्यांची ते ठरवतात.

ठराव: रोज सकाळी पाच मिनिटं त्याच्या डोळ्यांत रोखून बघायचं. मालक कोण ते जनावराला नजरेने कळतं.

शुक्रवार, ७ ऑगस्ट. नागपंचमी.

रोखून बघितलं. नाकाला चावला.

ऑफिसात सांगितलं, दाढी करताना कापलं. सहदेव म्हणाला, आडवं कसं कापलं? याला एवढी चौकशी कशाला? साहेब समोरून गेले. मी हसलो. त्यांनी नाकाकडे बघितलं. जाणता माणूस. ओळखलं असणार की मी कामाला लागलोय.

रविवार, ९ ऑगस्ट

संशय पक्का होत चालला आहे. धवल फक्त मलाच चावतो. सुगंधाच्या पायाशी पसरून झोपतो. काका त्याचे कान ओढतात तरी चालतं. म्हणजे कुणीतरी माझ्या गैरहजेरीत त्याला माझ्याविरुद्ध शिकवतंय. सहदेवची बायको शेवंती दुपारी आमच्याकडे येऊन बसते, हे मला काकांकडून कळलं. आज मी घरी असतानाच आली. सशाला मांडीवर घेतलं, त्याची मागची तंगडी दाबून बघितली आणि सुगंधाला म्हणाली, भरलाय गं. मग दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

नजर लागू नये म्हणून मी मीठ-मोहरी ओवाळली. ओवाळताना चावला.

सोमवार, १७ ऑगस्ट. नारळी पौर्णिमा.

कंपनीच्या फायर सेक्शनमधून गमबूट आणले. कॅनव्हासचे हातमोजेही आणले. आता घरात शिरताना दारातच चढवतो. सुगंधा म्हणाली, चाळीत लोक हसतात. हसू देत. मोठ्या पदाची तयारी करणाऱ्याला लोक हसतातच.

खाटेखालचा भाग धवलने ताब्यात घेतला आहे. माझी ट्रंक तिथे आहे. ट्रंकेत माझे धुतलेले शर्ट. सध्या एकाच शर्टावर काम चालवतो.

सुगंधामध्ये मात्र चांगला बदल दिसतो. त्याला स्वतः कोबीचा पाला निवडून घालते. भिजवलेले चणे घालते. मला इतक्या वर्षांत कधी भिजवलेले चणे मिळाले नाहीत. मी म्हटलं, लळा लागला ना? ती म्हणाली, श्रावण संपू दे. बोलण्याचा रोख कळला नाही.

रविवार, २३ ऑगस्ट

खाटही गेली. धवल दुपारी चढला तो उतरलाच नाही. गादीचा कापूस काढला. मी गॅलरीत चटईवर. पावसाची झड आत येते, पण हवा मोकळी आहे. तब्येतीला चांगली.

सहदेवने आज गॅलरीतून जाता जाता विचारलं, काय रे रामनाथ, पाहुण्याने बाहेर काढलं का? मी म्हटलं, ज्याला जबाबदारी मिळते त्यालाच त्रास होतो. तो म्हणाला, "अरे यार, साहेबाने सगळ्यांनाच दिले. आम्ही खाल्ला, विषय संपला. तू पण खा ना."

केवढा कावा. मी धवलला खाल्लं की परीक्षेत नापास, आणि हा बसणार खुर्चीवर. सगळ्यांनाच दिले म्हणे. मग माझ्या टोपलीत मसाला कशाला असता?

मंगळवार, १ सप्टेंबर

आयुष्यात पहिल्यांदा गणपतीला गावी जात नाही. सुगंधा आणि काका आज एस्टीने कणकवलीला गेले. खूप बोलणं झालं. सुगंधा म्हणाली, देवाच्या आरतीला घरचा कर्ता पुरुष नाही, कारण काय तर ससा. गावात सांगू काय? मी म्हटलं, ऑफिसचं काम सांग. ती रडली. मलाही वाईट वाटलं. आई गेली त्या वर्षीसुद्धा मी मखर बांधायला गेलो होतो.

काल सहदेव स्वतःहून म्हणाला, तू बिनधास्त गावाला जा, ससा आम्ही बघतो. डोळ्यांत डोळे घालून म्हणाला. मागे शेवंती उभी होती. तिच्या हातात विळी होती. म्हणून मी राहिलो.

जाताना काका सशाला म्हणाले, येतंय हां मी, तोपर्यंत अंग धर.

शुक्रवार, ४ सप्टेंबर. गणेशचतुर्थी.

घरात आम्ही दोघंच. धवलकडे आतली खोली, खाट आणि मोरी. माझ्याकडे गॅलरी आणि उंबरठा. स्टोव्ह त्याच्या हद्दीत असल्यामुळे चहा बाहेर.

सगळी चाळ रिकामी. सहदेव-शेवंतीही काल रात्रीच्या गाडीने गेले. मग ससा बघणार कोण होतं? प्लॅन नीट ठरलेला नव्हता, एवढं दिसतं. कुठूनतरी आरती ऐकू आली. मी उंबरठ्यावर बसून टाळ्या वाजवल्या. धवल आतून बघत होता.

रविवार, ६ सप्टेंबर

अंगात ताप. पडूनच आहे. गॅलरीत ओल आली म्हणून नाइलाजाने आत खाटेवर आडवा झालो. म्हटलं, चावायचं तर चाव बाबा, आता ताकद नाही. तो आला. पायाचा अंगठा हुंगला. मग पोटऱ्यांना टेकून बसला, संध्याकाळपर्यंत. चावला नाही.

अत्यंत संशयास्पद.

सोमवार, ७ सप्टेंबर

ताप उतरला. चावला. जिवात जीव आला.

रविवार, १३ सप्टेंबर

काल रात्री सुगंधा काकांसोबत गावाहून परत आली. सकाळी उठल्या उठल्या पाटा धुतला. मसाल्याची पुडी फळीवरून खाली काढली. म्हणाली, श्रावण झाला, गौरी-गणपती झाले, परवापासून पितृपक्ष, मग नवरात्र. खायचा तर आज.

म्हणजे हे चणे त्यासाठी होते. माझ्या घरात, माझ्या खाटेवर, माझ्याच बायकोने. कुणावर विश्वास ठेवावा? धवलला खोक्यात कोंडलं आणि कुरतडलेल्या भोकाला गमबूट लावून दिवसभर खोक्यावर बसून राहिलो. आत तो, वर मी. फळीच्या फटीतून दोनदा चावला. मी हललो नाही. कर्तव्य म्हणजे कर्तव्य.

सुगंधाने शेवटी डाळ टाकली. म्हणाली, माझ्यासाठी कधी असे बसला होतात का? तिला कधी कुणी कापायला निघालं नव्हतं.

गुरुवार, ८ ऑक्टोबर

उद्या खंडेनवमी. कंपनीत मशीनची पूजा, मग साहेब नाव जाहीर करणार. आज केस कापून घेतले. धवलला मोरीत धुवायचा विचार होता, सोडून दिला. साहेब विचारतील, ससा कसा आहे? मी म्हणणार, साहेब, आपल्याकडे होता त्यापेक्षा खुशीत आहे. फार बोलायचं नाही. मोठ्या माणसांना थोडक्यात आवडतं.

शर्ट मिळवला. ट्रंक ओढताना मनगट गेलं. बाही लांब आहे, दिसत नाही.

शुक्रवार, ९ ऑक्टोबर

सहदेव झाला.

लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहितो. पूजा झाली, नारळ फुटला, साहेबांनी नाव घेतलं. टाळ्या. मग प्रसाद वाटताना साहेब माझ्यासमोर थांबले. चारचौघांत, पण हळू म्हणाले, "साटम, गटारीला तुम्हा पाची जणांकडे ससे पाठवले होते. चौघांच्या घरून रात्री रस्सा आला. शिकार दिली की देणाऱ्याकडे वाटी जाते, ही आपली कोकणातली रीत. तुम्ही एकट्यानेच खाल्लात. जो घरी आलेलं वाटून खात नाही, त्याच्या हातात मी स्टोअरच्या चाव्या कशा देऊ?"

माझ्या तोंडात पेढा होता. जिवंत आहे म्हणून सांगावं, तर अख्खं डिपार्टमेंट महिनाभर हसलं असतं. न सांगावं, तर मी हावरट. मी पेढा गिळला आणि म्हटलं, "फार तिखट झाला होता, साहेब. पाठवायची लाज वाटली."

साहेब बरं म्हणाले आणि पुढे गेले.

सहदेव बाजूलाच उभा होता. त्याला सगळं माहीत. रोज भिंतीपलीकडून माझं ओरडणं ऐकतो. एक शब्द बोलला असता तर सगळे खदाखदा हसले असते. तो खाली मान घालून पेढा खात राहिला. का बोलला नाही, याचा शोध घेतला पाहिजे.

घरी येऊन सुगंधाला सांगितलं. वाटलं होतं, म्हणेल मी सांगत नव्हते का. तिने स्टोव्ह पेटवला. चहा दिला. मी रडलो, पण थोडंच.

शनिवार, १० ऑक्टोबर. दसरा.

आता प्रश्नच मिटला. उद्या रविवार. ज्याच्यापायी गणपती गेले, खाट गेली, प्रमोशन गेलं, त्याला उद्या मी स्वतः मार्केटात नेणार. साहेबांना खोटं सांगितलंय, तेही खरं होईल. माणूस एकदा कठोर झाला की झाला. सुगंधाला मसाला वाटायला सांगितलं. ती म्हणाली, नक्की ना? मी म्हटलं, मी बोलतो ते करतो.

रविवार, ११ ऑक्टोबर

सकाळी धवलला पिशवीत घातलं. पिशवीतून चावला. चांगलंच झालं, राग टिकून राहिला.

खाटकाकडे गर्दी होती. नंबर येईपर्यंत पिशवी मांडीवर घेऊन बसलो. आतून धडधड लागत होती. आधी त्याची वाटली, मग माझी वाटली. खाटकाने विचारलं, काटने का है ना? मी म्हटलं, नाही. फक्त वजन करायला आणलाय.

त्याने माझ्याकडे बघितलं, पण तराजूत ठेवला. हाताने चाचपला आणि म्हणाला, "साब, इसमें है क्या, खाली हड्डी है."

हे धक्कादायक आहे. चणे जातात कुठे? काका खात असणार. अशा हलक्या सशाचं तीन माणसांना काय पुरणार, शिवाय साहेबांना वाटीभर पाठवायचा म्हणजे आणखी थोडा हवा. आधी नीट भरू दे. दिवाळीनंतर बघू.

सुगंधाने वाटलेल्या मसाल्यात बटाटे घातले. झकास झाले होते. येताना पाल्यासकट मुळे आणले होते, ते त्याला घातले. पाला खाल्ला, मुळा ठेवला, आणि मी मुळा उचलायला गेलो तेव्हा चावला.