पंधरा मिनिटांत सॅल्मन

६ जानेवारी २०२५, सोमवार. दुपार.
रीनाचा नागपूरहून फोन. माझी एकुलती एक मुलगी, आणि तिचा एकुलता एक प्रश्न: आई, जेवतेस काय. म्हटलं, जेवते. काय जेवतेस, म्हणे. समोर एक पुस्तिका उघडी होती, तीत पाहून सांगितलं, सॅल्मन मासा.  मग दर आठवड्याला करते असंही सांगून टाकलं. हे खोटं नाही. आगाऊ सांगितलेलं खरं आहे.

तिचं म्हणणं, बाबा गेल्यापासून मी भात-लोणच्यावर आहे आणि वाळत चालले आहे, तर बल्लारपूरचं घर बंद करून नागपूरला यावं. जावयांनी, राजदीपनी, टेम्पोवाल्याशी बोलून ठेवलं आहे. मी जाणार नाही. आता एकोणीस तारखेला दोघं माझ्या हातचा सॅल्मन खायला येताहेत. खाऊन ठरवू म्हणतात. ठरवा.

७ जानेवारी.
पुस्तिका इंग्रजी आहे. सॅल्मनचे वीस प्रकार, प्रत्येकी पंधरा मिनिटं. रीनाचे बाबा पेपर मिलमध्ये होते. लगद्यात जायच्या रद्दीतून वाचण्यासारखं काही दिसलं की माझ्यासाठी काढून आणत. शाळा सातवीत सुटली, बाकीचं शिक्षण रद्दीत झालं. डिक्शनरीही तिथलीच. ए पासून एस पर्यंत पूर्ण आहे. पुढची पानं आधीच लगद्यात गेली होती. आजवर काही अडलं नाही.

८ जानेवारी. बाजारातून आल्यावर.
पोचूभाऊच्या दुकानी सॅल्मन विचारला. त्याने विचारलं, कोन्या तलावाचा? आमच्याकडे मासा तलावावरून ओळखतात. तलाव सांगता आला नाही तर मासा संशयित. म्हटलं, समुद्राचा, थंड देशातला. तो म्हणाला, बाई, इतक्या दूरची मासोळी कायले पायजे, रोहू न्या, सकायीच निंगाला. वर म्हणाला, भाऊ दर आयतवारी येत, तुमी तर वरीसभरात दिसल्याच नाई.
म्हटलं, वेळ नव्हता. खरोखरच नव्हता. वाचन फार वाढलं आहे.

नोंद: मासा आणणं, साफ करणं, रांधणं हे आमच्या घरी रीनाच्या बाबांचं काम होतं. मागच्या अंगणात चूल पेटवत आणि मला म्हणत, तू वाच. म्हणून शिकायचं राहिलं. शेजारच्या नाजियाला वाटतं, आठवण येते म्हणून मी मासा सोडला. चूक आहे. साफ कोण करणार, एवढाच प्रश्न होता.

१२ जानेवारी, रविवार.
नाजियाचा नवरा जाहिद दुकानाच्या मालासाठी नागपूरला जातो. थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून त्याने सॅल्मन आणला. चार तुकडे. गुलाबी. डोकं नाही, शेपूट नाही, काटे नाहीत. दगडासारखे कडक. नाजिया म्हणाली, इंदुताई, ये मच्छी हय का कपडे धोने का साबन.
दोन तुकडे तालमीला, दोन पाहुण्यांना. मी आधीच जेवले आहे असं सांगेन. माझं नियोजन असं असतं.

१५ जानेवारी. तालीम पहिली.
प्रकार तिसरा, तव्यावर. पहिलीच सूचना: 'थॉ' करा. शब्द टी मध्ये येतो. एका शब्दावाचून काय अडतं म्हणून पुढे गेले. फ्रीझरमधला तुकडा थेट तापल्या तव्यावर ठेवला. तेल भिंतीवरच्या कॅलेंडरपर्यंत उडालं. तुकडा वरून कोळसा, आत बर्फ. मांजरीला दिला. तिने वास घेतला आणि शेजारी बसून राहिली, तो वितळेपर्यंत. मग खाल्ला. तिला तो शब्द माहीत असावा.

१६ जानेवारी. तालीम दुसरी.
आज वितळू दिला. स्वतःच्या अकलेने, डिक्शनरीशिवाय. मग साफ केला. मरळ मासा राख लावून दगडावर घासतात, चिखलाचा वास जातो. हे मी तीस वर्षं मागच्या दारातून पाहिलं आहे, पुस्तकातून मान वर करून. राख नाजियाच्या चुलीतली आणली. मरळ दगडाला दाद देत नाही. याने लगेच दिली. चौथ्या घासणीला हातात कातडं उरलं, बाकी गुलाबी पाणी होऊन नालीत गेलं.
नाजिया म्हणाली, अवो, समुद्रात चिखल कुठी असते. हे आधी सांगायला हवं होतं.
दोन तुकडे शिल्लक. अनुभव भरपूर. तयारी पूर्ण समजावी.

१९ जानेवारी, रविवार. संध्याकाळ.
रीना आणि राजदीप अकराला आले. रीनाने आल्या आल्या माझं मनगट दाबून पाहिलं, बाजारात भेंडी मोडून पाहतात तसं.
प्रकार अकरावा, गुंडाळून वाफेवर. पुस्तिकेत चांदीचा कागद सांगितला आहे. मी पळसाची पानं घेतली. हळद घालू नका असं लिहिलं आहे, नाही घातली. पाच मिनिटं सगळं सुरेख. सहाव्या मिनिटाला ज्योत बारीक झाली आणि विझली. सिलेंडर संपलं.
राजदीप म्हणाले, दुसरं लावून देतो. दुसरंही रिकामंच होतं. मग रीना बोलली. आई, हे सिलेंडर बाबांच्या तेरवीनंतर लावलं होतं. बुकिंगचा मेसेज माह्या फोनवर येते. अकरा महिन्यांत एकदा नाई आला. मले सगळं मालूम होतं.
मी सांगितलं, सॅल्मनला गॅस कमी लागतो. पंधरा मिनिटांचंच काम असतं.
ती हसली नाही. राजदीपनी टेम्पोवाल्याचा नंबर काढला.

तेवढ्यात नाजिया पातेलं उचलून आपल्या घरी घेऊन गेली. चिंच, हळद, तिखट घालून रस्सा करून आणला. दोन तुकड्यांत चार माणसं जेवली. रीना म्हणाली, आई, तू तिसऱ्यांदा भात घेतलास. पाहुण्यांना सोबत म्हणून घेतला होता.
जाताना अट घालून गेली. आता येणारं सिलेंडर संपून मार्च संपायच्या आत त्याच्या पुढच्याचा मेसेज आला पाहिजे, नाहीतर एप्रिलमध्ये टेम्पो. म्हटलं, येईल.

२१ जानेवारी.
नवं सिलेंडर लागलं. माझ्या चालीने हे डिसेंबरपर्यंत पुरेल. पण गॅस जाळायला स्वयंपाकच करावा लागतो असं कुठे लिहिलेलं नाही. मोठ्या पातेल्यात पाणी ठेवायचं, रोज दीड तास उकळायचं. बाजूला बसून वाचायचं. गॅसही संपेल, पुस्तकही.

३ फेब्रुवारी.
पाणी उत्तम उकळतं आहे. पातेल्याला आतून पांढरे थर चढले. वाफेने डिक्शनरीची पानं फुगली. नाजियाने विचारलं, रोज काय शिजून राह्यलं. म्हटलं, तब्येतीसाठी आहे.

१० फेब्रुवारी.
आज त्यांना जाऊन वर्ष झालं. पाणी दोन तास उकळलं.

२ मार्च, रविवार.
पाणी उकळतच होतं. फुकट जाताना बघवेना म्हणून त्यात मूठभर तांदूळ टाकले. गॅस लवकर संपावा म्हणून दुसरी शेगडीही पेटवली, तर ती रिकामी बरी दिसेना. पोचूभाऊकडून रोहू आणला. साफ त्यानेच करून दिला. मागितलं की करून देतो म्हणे, तुमी कदी इचारलंच नाई. नाजियाने केला होता तसा रस्सा केला. हा स्वयंपाक नव्हे. योजनेचा भाग आहे.

९ मार्च, रविवार.
योजनेचा भाग पुन्हा. आज तिखट जास्त पडलं, तरी रस्सा संपवला.

२३ मार्च, रविवार.
काल सिलेंडर संपलं, बुक केलं. आज सकाळीच रीनाचा फोन. मेसेज आला म्हणाली. मी विजयी आवाजात काही बोलणार, तर पुढे म्हणाली, पाणी उकळून राह्यली होतीस ना. नाजियाचा तिला दर आठवड्याला फोन असतो, हे मला आज कळलं. नाजियाने असंही सांगितलं म्हणे की आता दर रविवारी भिंतीपलीकडून रोहूचा वास येते. टेम्पोवाल्याला नको म्हणून सांगते, म्हणाली, आणि फोन ठेवला. 
योजना फसली, हे इथे लिहून ठेवते. गॅस पाण्यावर संपवायचा होता, बराचसा जेवणावर संपला.
आजही रोहू केला. मीठ बरोबर झालं होतं. फक्त माप चुकलं, दोघांचं झालं. पुढच्या रविवारी कमी करीन.