डोंगराकडचं घर

बाबा, घर घेतलं. कोपरखैरण्यात, बोनकोडे गावाच्या मागच्या अंगाला. सातवा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, आणि लिफ्ट अशी की तिच्यात शिरताना आई अजून देवाचं नाव घेते. आई आता इथेच आहे. रविवारची दुपार आहे, ती पलीकडच्या खोलीत पडली आहे, तुमचे जावई पेपर तोंडावर घेऊन घोरताहेत, आणि मी ओट्याला टेकून हे लिहिते आहे. तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. आपण दोघं वर्षानुवर्षं एकाच लाँचमधून जायचो-यायचो, आणि तरी फार काही बोलायचो नाही. आता तुम्हाला जाऊन एवढा काळ लोटल्यावर बोलावंसं वाटतंय, हा माझा जुनाच घोळ. घाईच्या वेळी गप्प, आणि सगळे झोपले की तोंड सुटतं.

बेटावर जन्मून मला बोट लागायची, ही आपल्या गावाची केवढी करमणूक होती. लोक हसून हसून सांगायचे, हिला पाण्याची भीती नाही, पाण्यावरून जायचीच तेवढी अडचण. हायस्कूल न्हाव्याच्या बाजूला, म्हणजे रोज दोन्ही वेळेला लाँच. तो पहिला दिवस मला अजून वासासकट आठवतो. डिझेलचा धूर, कुणाच्या तरी टोपलीतली सुकट, आणि पाणी जरासं हललं की माझं पोट गळ्यापाशी. तुम्ही कंपनीचा इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या टोकाला, नाळेवर उभे आहात. मी धावत तुमच्यापाशी येते आणि सगळं त्या शर्टावर ओकते. माणसं हसतात. तुम्ही रागावत नाही. वाकून समुद्राच्या पाण्याने शर्ट धुता, खिशातून एक कागदी लिंबू काढून माझ्या हातात देता आणि म्हणता, "नाकाशी धर. लांब बग, पान्याकडं बगू नको." त्या दिवसापासून ते लिंबू मला रोज मिळत राहिलं. लांब बघायचं म्हणजे समोरच्या किनाऱ्यापलीकडच्या डोंगराकडे बघायचं, हेही तुम्हीच शिकवलंत. मी डोंगराकडे बघत बघतच दहावी झाले.

तुमचं जाणं-येणं त्याहून मोठं. लाँच, मग दोन बसा बदलून महापे, तिथल्या कारखान्यात पॅकिंग खात्यात उभ्याने काम, आणि तसंच परत. सुकती असली, पाणी ओसरलेलं असलं, की आपल्या बंदरावर गुडघाभर चिखल. पँट वर दुमडून, चपला हातात धरून तुम्ही लाँच गाठायचात आणि पलीकडच्या चहावाल्याकडे ठेवलेले बूट घालून साहेबासारखे बसमध्ये चढायचात. सकाळी घरातून काही खाऊन निघायचा नाहीत. आई भाकरी पुढे करायची आणि रोज तेच उत्तर ऐकायची, "कामाला जाताना पोट हलकं बरं." मला वाटायचं, केवढा हा माणसाचा निग्रह.

मग कॉलेजच्या पहिल्या पावसाळ्यातली ती संध्याकाळ. वाऱ्याने लाँच अशी आपटली होती की मी घरी आले ती भिंतीला धरून. अंगणात आई कोलंबी सोलत होती. मी दप्तर फेकलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं की मी आता या लाँचमध्ये पाय ठेवणार नाही, मेले तरी नाही. तुम्ही पाय धूत होतात. तांब्या खाली ठेवलात आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "मग तिकडंच घर बग. ह्ये बेट तुज्यासाठी नाय." एवढंच. पुढे कधी तो विषय नाही. तुम्ही मला बेलापूरला मावशीकडे ठेवलंत, शिकवलंत, लग्न करून दिलंत, पण ते वाक्य माझ्या अंगात काट्यासारखं राहिलं. घराबाहेर काढलं, असाच मी त्याचा अर्थ लावला. तुम्ही गेलात तेव्हा तो विचारून घ्यायचा राहिला तो राहिलाच.

म्हणून आम्ही इतकी वर्षं भाड्याने राहिलो. मी बेलापूरच्या ऑफिसात लोकांच्या घरांचे कागद हातावेगळे करते आणि स्वतःच्या घराचा विषय निघाला की पापड तळायला उठते. जावई बिचारे फ्लॅट बघून यायचे, मी काहीतरी खोट काढायचे. जिना अरुंद आहे, सोसायटी भांडखोर दिसते, काहीही. खरं कारण हे की मला वाटायचं, इथे घर घेतलं की तुमचा शब्द खरा होईल. बेट माझ्यासाठी नाही, हे मीच सही करून मान्य केल्यासारखं होईल. पण आईचे गुडघे गेले. एकदा ताप डोक्यात चढला आणि शेवटची लाँच निघून गेलेली. शेजारच्या काकांनी तिला आपल्या होडीतून आणलं म्हणून ती वाचली. त्यानंतर मी म्हटलं, पुरे झालं. आईला आणायचं तर भाड्याच्या घरात नाही, दर अकरा महिन्यांनी बोचकं बांधायला लावून तर नाहीच.

एजंट आम्हाला या इमारतीत घेऊन आला आणि सगळ्यात आधी पश्चिमेकडचा फ्लॅट दाखवला. "मॅडम, खाडी व्ह्यू. सकाळ-संध्याकाळ पाणी बघत चहा." शेवटी घेतला तो समोरचा, पूर्वेकडचा, ज्याच्या खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो. आईला फोनवर सांगितलं की खाडीकडची घरं संपली. ती म्हणाली, "बरं." पण इकडे येशील का, याला हो म्हणाली नाही. म्हणाली, "वास्तुशांतीला बगू." म्हणजे त्या दिवशी ती आली तर आली, नाहीतर नाही. मी हे कुणाला बोलून दाखवलं नाही, पण माझं सगळं त्या एका दिवसावर टांगलेलं होतं.

आता त्या दिवशीची माझी अक्कल ऐका. भटजींनी सकाळचा मुहूर्त काढून दिला. मी हॉलभर सतरंज्या घातल्या, केटररला सांगितलं, दाराला तोरण लावलं. बेटावरची सगळी माणसं काकांच्या होडीतून येणार होती. मुहूर्त जवळ आला, कुणी नाही. फोन लावला तर उचलत नाहीत, कारण आपली माणसं होडीत बसली की सगळ्यांचे फोन स्टीलच्या डब्यात घालून झाकण दाबून ठेवतात. भटजी घड्याळाकडे बघत म्हणाले, "वहिनी, मला पुढे घणसोलीला दुसरी वास्तुशांत आहे." जावई म्हणाले, "टेन्शन घेऊ नको, येतील." मी पाटावर बसले. आईने नाही म्हणून उत्तर दिलं, असं मी धरून चालले. तुमच्यासारखंच, न बोलता. आणि भटजी संकल्प सांगू लागले, त्यात तिथी आली. पौर्णिमा. मी कपाळावर हात मारला. बाबा, पुनवेची सकाळ. आपल्याकडचं शेंबडं पोरही सांगेल की पुनवेला सकाळी सुकती, पाणी पार लांब गेलेलं, होडी चिखलात बसलेली, आणि दुपारपर्यंत काही ती हलत नाही. बेटावर लग्नसुद्धा आधी पाणी बघून ठरतं, पंचांग नंतर. आणि मी, बेटाची लेक, मुहूर्त बघितला आणि भरती बघायला विसरले. भर पूजेत मला हसू आलं. भटजींना वाटलं, बाई हलली.

दुपार कलायला लागली तेव्हा लिफ्टचं दार उघडलं आणि आख्खी आळी बाहेर पडली. पोटऱ्यांपर्यंत वाळलेला चिखल, सोसायटीच्या नव्या फरशीवर त्याची पावलं, आणि मधोमध आई, कडेवर आपल्या विहिरीच्या पाण्याची कळशी, तोंडाला फडकं बांधलेली. नव्या घरात पहिलं पाणी जुन्या विहिरीचं भरायचं असतं, ते ती विसरली नव्हती. दारात थांबून मला म्हणाली, "पुनवेला सकालचा मुहूर्त कोन काढतं? माजीच पोर." मग कळशी ओट्यावर ठेवली आणि खांद्याला अडकवलेली कपड्यांची पिशवी काढून विचारलं, "ही कंच्या खोलीत ठेवू?" मी तिला मिठी मारली आणि दोघी चिखलाने माखलो.

जेवणं झाल्यावर काका खिडकीपाशी पान जुळवत बसले. तुमच्याबरोबर महाप्याला जाणारे, तुमचे लाँचमधले जोडीदार. डोंगराकडे बघत म्हणाले, "बापाला आवडलं असतं ह्ये घर." मी म्हटलं, कसलं आवडतंय, त्यांनीच मला एकदा बेट सोडायला सांगितलं होतं. आणि ती संध्याकाळ सांगितली. काका पान लावता लावता थांबले. म्हणाले, "आगं, दुसऱ्या दिवशी मना लाँचवर काय बोलला म्हाईत हाय? बोलला, पोरगी माज्यावर गेलीय रं. तिला तिकडं घर झालं पायजे, माज्यासारखा जलमभर जीव नको जायला." मला कळेना. मी विचारलं, त्यांच्यासारखा म्हणजे? तेव्हा काका हसले. "त्याला बोट लागायची ना. तुज्याहून जास्त. नाळेवर का उभा ऱ्हायचा? सकालचा जेवायचा का नाय? आनि ते लिंबू, तुला काय वाटलं, तुज्यासाठी ठेवायचा? तू जलमली नव्हती तवापासून त्याच्या खिशात लिंबू हाय."

मी आईकडे बघितलं. ती भांडी पुसत होती. म्हणाली, "नवऱ्याच्या शर्टाला रोज लिंबाचा वास, बायकोला कलनार नाय?" आणि मग, ताट पालथं घालत, "ह्या बोनकोड्यालाच त्यानं खोली बगितली होती. मीच नाय बोलले. विहीर सोडून मी येत नव्हते." तिने ओट्यावरच्या कळशीकडे बोट केलं. "आज विहीर घेऊन आले बग."

बाबा, मला त्या क्षणी रडू यायला हवं होतं, पण खरं सांगते, इतकं हलकं वाटलं की मी जाऊन उरलेली जिलबी खाल्ली. इतकी वर्षं मी तुम्ही घातलेलं कुंपण समजून ज्याच्या बाहेर उभी होते, ते तुम्ही माझ्यासाठी उघडून ठेवलेलं दार होतं. तुमचा रोजचा उपास, तुमचं ते वाऱ्यावर एकट्याने उभं राहणं, सगळं आता समजतं. तुम्हीही लांब डोंगरच बघत होतात. मला तो निग्रह वाटायचा आणि तुम्हाला मळमळत असायचं. एकदा तरी सांगायचंत. दोघांनी मिळून एकाच लिंबाचा वास घेतला असता. आता मी बसने बेलापूरला जाते, पाय जमिनीवर, आणि सकाळी पोटभर भाकरी खाऊन निघते. आई डबा हातात देताना मुद्दाम विचारते, "पोट हलकं नको ना?" आणि आम्ही दोघी हसतो. बेटावरचं घर आहे तसं आहे. भरती बघून अधूनमधून जातो, झाडतो, विहिरीचं पाणी भरून आणतो. जाताना मी अजून ओकते.

हे पत्र मी आता पिठाच्या डब्याखाली सरकवणार आहे, आणि कधीतरी चूल पेटवायला म्हणून आई बेटावर घेऊन जाईल. त्याआधी एक सांगून टाकते, आईलाही अजून सांगितलेलं नाही. खाडीकडची घरं संपली नव्हती. सगळ्या मजल्यांवर शिल्लक होती, एजंट मागे लागला होता, आणि मीच म्हटलं होतं की मला पाणी दिसायला नको, डोंगराकडचं द्या. तेव्हा मला त्याची फार लाज वाटली होती. आता वाटत नाही. तुम्ही असतात तर तुम्हीही हेच घेतलं असतंत.