घरचं रक्त

आप्पा, बाळाचं ते दुखणं तुमच्याच रक्तातून आलं होतं का? मला उत्तर देता येत नाही. मी शिरूरच्या रक्तपेढीत काम करते. आपल्या घरातली पहिली पदवी माझी. रोज अनोळखी माणसांच्या रक्तावर सही करते, की हे द्यायला हरकत नाही. आणि आपल्या घरातल्या त्या एका रक्ताबद्दल मला एक शब्द खात्रीनं बोलता येत नाही, कारण ते कुणी तपासलंच नाही. तुम्ही तपासू दिलं नाही. माझा राग तिथून सुरू होतो.

मी नऊ वर्षांची होते. आई सातव्या महिन्यातच बाळंत झाली आणि दौंडच्या एका दवाखान्यात बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं. मला दारातून दाखवलं. तुमच्या मुठीएवढं डोकं आणि कातडी इतकी पातळ, की आतल्या शिरा दिसत होत्या. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्त कमी आहे, थोडं चढवावं लागेल, तपासलेली पिशवी मागवतो, दुपारपर्यंत येईल. तुम्ही लगेच सदऱ्याची बाही वर सारली. "पिशवी कशाला, डॉक्टर? बाप हाय की हितं उभा. बाहेरचं कायबी घालायचं न्हाई माझ्या लेकराच्या अंगात." डॉक्टरांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "वडिलांचंच आहे, मग काय प्रश्न नाही." गट तेवढा जुळवला, सिरिंजनं तुमच्या हातातून काढलं आणि तसंच बाळाला दिलं. दहा दिवसांत तीनदा. कोपरात कापसाचा बोळा दाबून तुम्ही व्हरांड्यात फिरताय आणि भेटेल त्याला सांगताय, "माझंच दिलंय. ताजं, गरम." मीही शाळेत तसंच सांगितलं होतं. तुमच्याइतक्याच ऐटीत.

ते तुमच्या डोक्यात कुठून आलं हे मला कळतं, आणि म्हणून जास्त चीड येते. आज्याच्या वेळेपर्यंत आपल्याकडे मेंढरं होती. बाजारातून आणलेली मेंढी कळपात लगेच सोडायची नाही, पंधरा दिवस बाभळीखाली वेगळी बांधायची, कारण रोग बाहेरून येतो. मेंढरं विकली, ऊस लावला, तुम्ही हंगामात कारखान्यावर जायला लागलात, तरी ती शिस्त तुमच्यात राहिली. ती चुकीची नव्हती. पण आज्याची दुसरी शिस्त तुम्ही सोयीनं विसरलात. तो कोवळी कोकरं आपल्याच थोरल्या मेंढरांत मिसळू देत नसे. थोरल्यांना पचतं ते कोकराला पचत नाही, म्हणायचा.

एक विषाणू असा आहे, आप्पा, की तो आपल्याकडच्या बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांच्या अंगात असतो. लहानपणी कधीतरी सर्दी-तापासारखा येतो आणि पांढऱ्या पेशींत दडून बसतो. तुमच्यासारखा धडधाकट माणूस जन्मभर त्याला सांभाळतो, त्याला पत्ताही नसतो. दिवस पुरे न भरलेल्या बाळाकडे मात्र त्याच्याशी लढायला काहीच नसतं. म्हणून अशा बाळाला आम्ही पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त देतो. काविळीच्या, एड्सच्या तपासण्या तर असतातच, तरी लागण नुकतीच झाली असेल तर ती त्यांतूनही निसटू शकते. एवढं करून धोका थोडा उरतोच. आणि तुम्ही थेट सिरिंज पुढे केलीत. मला हे पहिल्यांदा कॉलेजात शिकवलं तेव्हा मी वर्गातून उठून नळावर गेले होते.

बाळ महिन्याभरात किलोच्या वर गेलं होतं. मग अंग राखाडी पडलं, पोट फुगलं, श्वास चढला आणि आठवड्यात संपलं. नाव ठेवायचं राहिलं. तुमचं रक्त हे कारण असेल, नसेलही. त्यासाठी मी तुम्हाला माफ करू शकले असते. तुम्हाला माहीत नव्हतं, ज्याला माहीत असायला हवं होतं त्यानं घड्याळ पाहिलं. पण मग घरी माणसं जमली, आईनं दिवस गेलेले असताना उसाच्या मोळ्या उचलल्या असतील, आईच्या अंगातच खोट असेल असं बोलायला लागली, आणि तुम्ही त्यांच्यात बसून म्हणालात, "माझं रक्त बी पुरलं न्हाई हिच्या लेकराला." हिच्या लेकराला! दवाखान्यात ते तुमचं होतं. दहावीत असताना मी एकदा विचारलं, आईला अजून का बोलता? तुम्ही जेवता जेवता ताट सरकवलंत. "चार बुकं शिकलीस म्हणून बापाला जाब इचारतीस व्हय?" पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. जाब विचारायचा राहिला.

मागच्या आठवड्यात इनामगावकडचे एक आजोबा काउंटरवर आले. नातू सात महिन्यांचा जन्मलेला, पेटीत ठेवलेला. मुलाला हाताला धरून पुढे ढकलत म्हणाले, "ताई, ह्याचंच काढा. बाप हाय त्येचा. बाहेरचं म्हंजी कुणाचं तरी दारुड्याचं निघायचं, आन् पोरगं पेटीतच डुलायला लागायचं." सगळे हसले. मला हसू आलं नाही. मी मुलाला फॉर्ममधले प्रश्न विचारायला लागले. वर्षभरात गोंदवलंय का, म्हटल्यावर त्यानं शर्टाची बाही हळूच खाली ओढली. वडिलांसमोर काय बोलणार? आजोबांना बाहेर बसायला सांगितलं, तेव्हा कुठे तो म्हणाला, "दोन महिने झालं, ताई. जत्रंत. समद्यांना एकच सुई हुती." घरचा माणूस असा असतो, आप्पा. घरच्यांच्या नजरेखाली तो खरं बोलू शकत नाही. आमच्याकडे दर चार महिन्यांनी रक्त द्यायला येऊन बिस्किटाचे दोन पुडे मागून घेणारा वेल्डिंगवाला बोलतो, कारण त्याला कुणाला काही दाखवायचं नसतं.

मी त्या मुलाचं रक्त घेतलं नाही. आजोबा भडकले. "रगात बापाचं आन् चालत न्हाई? कुठं शिकलाव हे?" मी म्हटलं, "मेंढरांत शिकले, आबा. आमच्याकडं पण होती. तुम्ही कोवळं कोकरू थोरल्या कळपात सोडत होता का?" "न्हाई सोडत," आजोबा म्हणाले. मग जरा खालच्या आवाजात, "पिशवी कुणाची हाय तेवढं तर सांगा." "नाव सांगत नाही आम्ही. तपासलेली आहे, गाळलेली आहे. चांगल्यातलं चांगलं हेच आहे आमच्याकडे." त्यांनी टोपी काढली, परत घातली, आणि गेले. त्या बाळाला पिशवीतलं रक्त चढलं. काल चौकशी केली, अजून पेटीत आहे, दूध पचतंय. तुम्हाला पटवायला कुणी पाच मिनिटं दिली असती तर तुम्हीही ऐकलं असतं, असं त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं. त्यानंही राग गेला नाही. फक्त त्यातला थोडा त्या घड्याळाकडे वळला.

रविवारी घरी गेले तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. मी तिला सगळं सांगून टाकलं. विषाणू, पांढऱ्या पेशी, सिरिंज. ती ऐकत होती की नाही कळेना. शेवटी म्हणाली, "म्हंजी माझ्यामुळं न्हाई?" मी म्हटलं, "नाही. आप्पांच्या रक्तामुळं." तिचा पिठाचा हात परातीतच राहिला आणि तव्यावरची भाकरी करपली. आईची भाकरी करपलेली मी कधी पाहिली नव्हती. मग तिनं ती काढून बाजूला ठेवली, नवी टाकली, आणि कितीतरी वर्षांनी बाळाबद्दल बोलली. त्याच्या पायाच्या बोटांबद्दल.

तुम्ही हे वाचणार नाही, म्हणून लिहिते. तोच विषाणू आईच्या दुधातूनही जातो. म्हणून दूध कुणी बंद करत नाही, करूही नये, पण जातो. आई त्या दिवसांत वाटीत दूध काढून नळीनं पाजायला देत होती, आणि हा विषाणू तिच्या अंगातही बहुतेक असेलच. मी तिला ते सांगितलं नाही. पुन्हा कधी सांगणारही नाही. तिच्यापुढे सगळं तुमच्या नावावर टाकून मी मोकळी झाले.