टाकीतलं पाणी निवळलं

प्रिय आई,

तानुमामींच्या फोनवरून तू रोज एकच विचारतेस, पाणी निवळलं का, आणि मी कामात आहे म्हणून फोन ठेवतो. फोनवर तू रडायला लागतेस आणि मला जे सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहितोय. चष्मा लावून सावकाश वाच, मामींच्या हातात देऊ नकोस. त्या खंडाळाभर करतील.

तर, पाणी निवळलं. जुनं सगळं ओतून दिलं, वाळू धुतली, दगड घासले, तरी हळदीचा पिवळा डाग काचेच्या कडेला अजून आहे. समुद्राचं पाणी घरी करायचं म्हणजे काय व्याप असतो ते तुला कळायचं नाही. गाळलेल्या पाण्यात पुड्यातलं वेगळं मीठ कालवायचं, मोजायचं, मग मासा न सोडता टाकी नुसती चालू ठेवायची, किती तरी दिवस. स्वप्नाली म्हणते, एवढं कुणी माणसासाठी करत नाही. खरं आहे तिचं.

तू मामांकडे निघालीस तेव्हा सांगलीच्या स्टँडवर मीच बोललो होतो, टाकीतलं पाणी निवळलं की न्यायला येतो. तू ते पदराला गाठ मारून ठेवशील असं वाटलं नव्हतं. माणूस एसटीत बसवताना काहीतरी बोलतोच ना.

तुला आठवत असेलच. साहेबांच्या मुलीच्या लग्नाला आम्ही नवरा-बायको साताऱ्याला गेलो होतो आणि घर तुझ्यावर होतं. काम एकच, दोन वेळा चिमूटभर खाऊ टाकायचा. बाकी कशाला हात लावायचा नाही, हे मी दारातून पुन्हा वळून सांगितलं होतं. आणि तू काय केलंस? माशाच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले, तर तू ठरवलंस की त्याला गोवर निघालाय. पाण्यात हळद. वर कडुलिंबाची डहाळी. टाकीवर तुझं लुगडं, उजेड नको म्हणून. आणि वर पंप बंद. का, तर म्हणे, लेकराला निवांत निजू दे की रं, लय आवाज करतंय ते. आई, त्या आवाजावरच ते लेकरू श्वास घेत होतं. आम्ही आलो तेव्हा तू मासा ओंजळीत घेऊन बसली होतीस, आणि स्वप्नाली काय म्हणाली ते तू ऐकलंस. ती रागाच्या भरात बोलली असं मी तुला तेव्हा सांगितलं. तसं नव्हतं.

स्टँडवर तू मला माझ्या गोवराची गोष्ट ऐकवलीस. तासगावात तू बेदाण्याच्या शेडवरचं काम सोडून माझ्या उशाशी बसलीस, खिडकीला लुगडं टांगलंस, अंगावरून पाला फिरवलास, बाबांना खोकूसुद्धा दिलं नाहीस. दहा वेळा ऐकलंय. पण गोवर आपला आपण बरा होतो, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. तू नुसती बसून होतीस.

आता चांगली बातमी. नवी जोडी आणली, त्या पहिल्या माशासारखीच, केशरी अंगावर पांढरे पट्टे. पुण्याचा माणूस साताऱ्यापर्यंत घेऊन आला, मी तिथं जाऊन ताब्यात घेतली. नानासो मामांना कुणीतरी सांगितलं असेल मला तिथं पाहिल्याचं, म्हणून मीच सांगतो. साताऱ्याहून खंडाळा तासाभराचं, हे मला ठाऊक आहे. पण हातात माशांची पिशवी होती, उन्हानं पाणी तापलं असतं. तसाच परतलो. वाटेत गाणी लावली नाहीत, खड्ड्यातून गाडी सायकलच्या वेगानं नेली. जोडी सुखरूप पोचली.

आणि आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. नवे मासे लगेच मोठ्या टाकीत सोडत नाहीत. आधी वेगळ्या खोलीत, लहान टाकीत ठेवतात, अंगावर काही उठतंय का बघत. त्यांना अंधार लागतो, शांतता लागते, माणसांची ये-जा नको असते. अशी खोली घरात एकच, मागची. तुझी कॉट वॉचमनला दिली. स्वप्नालीला यापुढेही मासे आणायचेत, त्यामुळे खोली आता त्यांचीच राहील. तासगावचं घर मोडून हा फ्लॅट घेतला, त्यात माझी एक खोली आहे, असं तू मामींना सांगतेस म्हणे. ते बंद कर. मामा तुला जा म्हणणार नाहीत, भाऊ आहेत तुझे. आणि रोज फोन करू नकोस, रिंग वाजली की जोडी दचकते. तुझी ट्रंक उद्याच्या एसटीनं पाठवतोय, स्टँडवर कुणालातरी पाठव. सगळं नीट भरलंय, हळदीचा डबासुद्धा. ते मऊ लुगडं तेवढं त्यात सापडणार नाही. खोलीच्या खिडकीला टांगलंय, त्यानं अंधार छान पडतो.

तुझाच,
धनाजी