हॉटस्पॉटच्या टप्प्यात

३ जून
पुतण्याला परदेशात पदवी मिळतेय. दादा गेल्यावर वहिनींनी एकहाती शिकवलं त्याला. समारंभाला त्या जाणार, पहिलाच विमानप्रवास. सोबत मी. घरात फोनमधलं कळणारा मी एकटाच, म्हणून निवड बिनविरोध. विमानात मीही कधी बसलेलो नाही, पण व्हिडिओ पुष्कळ पाहिलेत.

पुतण्या फोनवर म्हणाला, "काका, आईच्या फोनवर रोमिंग तेवढं चालू करून घ्या, बाकी काही नको." हसू आलं. रोमिंग अडाण्यांसाठी. माझ्या फोनमध्ये तिथल्या इंटरनेटचं ई-सिम, कार्डाशिवायचं, आणि वहिनींना माझा हॉटस्पॉट. एका दगडात दोन पक्षी.

१० जून
ई-सिमचा कोड माझ्याच फोनवर आला आणि माझ्याच फोनने स्कॅन करायचा म्हणे. स्वतःच्या पाठीला स्वतः तेल कसं चोळणार? आरशासमोर धरून पाहिला. बायको दारात केव्हापासून उभी होती, कळलं नाही. तिने कोड स्वतःच्या फोनवर मागवला आणि माझ्यासमोर धरला. मी तेच सांगणार होतो.
ऑफलाइन नकाशा उतरवला. भाषांतराचं ॲप उद्या.

१७ जून
पोचलो. घरचं सिम बंद केलं. वहिनींना नियम समजावला: माझ्यापासून लांब जायचं नाही, इंटरनेट तुटेल. त्यांनी इतकं मनावर घेतलं की विमानतळावर पुरुषांच्या स्वच्छतागृहाच्या दारापर्यंत मागे आल्या.
आणलेली चार्जरची पिन इथल्या भिंतीत जात नाही. दुकानदाराची चूक. मी स्पष्ट 'परदेशातली द्या' म्हणालो होतो.
भाषांतराचं ॲप राहिलंच.

१८ जून, संध्याकाळ
डेटा संपला. मी फक्त 'परदेशात डेटा कसा वाचवावा' ही मालिका पाहिली. सगळे भाग.
वहिनी म्हणाल्या, "भावजी, उद्या त्यालाच घ्यायला बोलवू या का?" म्हटलं, त्याच्या मोठ्या दिवशी त्याला धावपळ कशाला? नकाशा आहे. हॉटेलच्या वायफायवरून कळवलं: आम्ही येतो, तू निर्धास्त राहा.

१९ जून
आज लिहायचं नव्हतं.

ट्राममध्ये नकाशा उघडला. गाव त्याच नावाचं, देश दुसरा. बराच वेळ नदी शोधत होतो. एका थांब्याचं नाव वाचायला खाली उतरलो. दार बंद झालं. काचेमागे वहिनी, फोन छातीशी धरून माझ्याकडे बघतायत. गेल्या.

ई-सिम नुसतं डेटाचं होतं, त्यावरून फोन लागतच नाही. घरचं सिम चालू केलं, त्यावर रोमिंग नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला नकाशा दाखवत राहिलो. एका सज्जन गृहस्थाने नीट निरखून पाहिला आणि विमानतळाकडे बोट केलं.

पुढचं नंतर कळलं. वहिनी शेवटच्या थांब्यावर उतरल्या. मुलाचा नंबर तोंडपाठ. ट्राम चालवणाऱ्या बाईला कानाशी हात नेऊन खूण केली, तिच्या फोनवरून त्याला गाठलं. तो रांग सोडून काळ्या झग्यातच धावत आला. त्याला वाटलं, आता आईला घेऊन थेट सभागृहात. वहिनी म्हणाल्या, "आधी भावजींना शोध." तो म्हणाला, "आई, आता माझं नाव पुकारतील." "पुकारू दे. परक्या गावात माणूस एकटा आहे."

मी त्याच थांब्यावर उभा होतो. मला बघून वहिनींनी आधी विचारलं, काही खाल्लंत का.

सभागृहात पोचलो तेव्हा कामगार खुर्च्या एकावर एक रचत होते. त्याचं नाव पुकारून झालं होतं. मंचावर कुणी गेलं नव्हतं. पदवी त्याला ऑफिसच्या खिडकीतून मिळाली. सही करून.

इथल्या ट्रामची दारं फारच लवकर बंद होतात.

वरचं वाक्य खोडतो. दारांची काही चूक नव्हती.

२० जून
पुतण्याने माझ्या घरच्या सिमवर रोमिंग चालू करून दिलं. चहा निवायच्या आत झालं. फोन माझ्या हातात ठेवून म्हणाला, "काका, आता लागेल." रागावला असता तर बरं झालं असतं.

लगेच बायकोचा फोन. कसा झाला समारंभ, वहिनींना केवढा आनंद झाला असेल, मंचावरचा फोटो पाठवा, इथे सगळे जमलेत.

म्हटलं, इथे नेटवर्क जरा कमी आहे. नंतर पाठवतो.

वहिनी समोरच सफरचंद चिरत बसल्या होत्या. सगळं ऐकू जात होतं. मान वर न करता त्यांनी एक फोड माझ्यापुढे सरकवली.

नेटवर्क पूर्ण होतं.